एक खाते, दोन घरे

“आमच्या डिशच्या खात्यावर दोन बॉक्स आहेत. त्यातला एक धाकट्या जाऊबाईंनी आपल्या नव्या बिऱ्हाडी नेला. आता रिचार्ज आम्ही करायचा, बघायचं त्यांनी! बोलावं तरी कसं?” असं एका भगिनीनं विचारलं आहे. प्रश्न टीव्हीचा दिसतो, पण आहे नात्याचा.

आधी हिशेब समजून घ्या. दुसऱ्या टीव्हीची जोडणी स्वस्त पडते, कारण दोन्ही संच एकाच घरात आहेत असं कंपनी धरून चालते. २०२० साली ‘ट्राय’नं दुसऱ्या जोडणीचा नेटवर्क आकार पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलं, तेही एकाच घरातल्या, एकाच नावावरच्या जोडण्यांसाठी. ही सवलत वेगळ्या चुलीला नाही, बरं का!

“पण कंपनीला कळणार कसं?” आकाशातला संकेत एकेरी असतो, बॉक्स कुठल्या गावी आहे ते उपग्रहाला दिसत नाही, हे खरं. म्हणूनच अमेरिकेत डिरेक्टीव्ही कंपनी सगळे बॉक्स घरच्या एकाच टेलिफोन लाईनला जोडून ठेवायला सांगत असे. कळो न कळो, खातं तुमच्या यजमानांच्या नावावर आहे. उद्या चौकशी झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

तेव्हा एवढं करा:

१. खात्यावर किती बॉक्स आहेत ते ग्राहक सेवेला विचारून वहीत लिहून ठेवा.

२. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आपलाच आहे ना, हे पाहा. त्यावर येणारा ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी घरच्यांनासुद्धा.

३. बाहेर गेलेली जोडणी बंद करून घ्या, किंवा जाऊबाईंच्या नावे नवी घ्यायला सांगा.

महिन्याचा खर्च त्यांना जड जात असेल, तर दूरदर्शनची ‘डीडी फ्री डिश’ सुचवा. बॉक्स आणि डिश एकदाच घ्यायची, दरमहा काही भरायचं नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. जमलं तर ती डिश तुम्हीच भेट द्या.

आणि हे फोनवर नको, चार माणसांतही नको. हळदीकुंकवाला बोलवा, चहा झाल्यावर दोघीच असताना सांगा. “दर महिन्याला रिचार्जवरून कुरकुर नको गं,” म्हटलं की समजेल त्यांना. पैशाचा हिशेब चोख असला की माया टिकते.