तुटपुंजा पहारा

ऑक्टोबर 2016 मध्ये भोपाळच्या तुरुंगातून पळालेले आठ कैदी पोलिसांच्या चकमकीत मारले गेले. ती चकमक खरी की खोटी, यावरून जुंपली. त्याची चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात देशद्रोह शोधण्याचे कारण नव्हते. पण या गदारोळात मेलेले आठच मोजले गेले. पहिला बळी त्याआधी, तुरुंगाच्या आतच गेला होता: मुख्य शिपाई रमाशंकर यादव. त्यांचे नाव सत्ताधाऱ्यांनी घेतले ते चकमकीच्या समर्थनापुरते. विरोधकांनी तेवढेही घेतले नाही.

लक्ष्मीपूजनाची रात्र. बाहेर फटाके वाजत असताना आत साठीकडे झुकलेला एक माणूस पहाऱ्यावर उभा होता. त्याचे दोन मुलगे लष्करात, मुलीचे लग्न डिसेंबरात ठरलेले. तुरुंगाच्या आतल्या पहारेकऱ्याला बंदूक देत नाहीत, कैदी हिसकावतील म्हणून. हाती काठी, फार तर शिट्टी. पलीकडे ‘सिमी’ या बंदी असलेल्या संघटनेचे ते आठ कैदी, आणि त्यातले तिघे 2013 मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून पळालेले! अशांवर रात्री किती माणसे लावायची, हे कळायला आयोग नेमावा लागत नाही.

माणसे नव्हती असेही नाही. तुरुंगाचे सुमारे 80 रक्षक मुख्यमंत्री, मंत्री आणि साहेब लोकांच्या दिमतीला होते, असे वृत्त होते. म्हणजे जिथे कोणी भिंत चढून पळणार नव्हते तिथे पहारा कडेकोट, आणि जिथे पळण्याचा अनुभव असलेले कैदी कोंडले होते तिथे यादव. सीसीटीव्हीही बंद. कैद्यांनी म्हणे टूथब्रशच्या किल्ल्या केल्या. त्या तयार होत असताना झडत्या कोण घेत होते?

आपण महाराष्ट्रानेही नाक वर करू नये. 31 मार्च 2015 रोजी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी गज कापून पसार झाले, तेव्हा आपल्याकडेही निलंबनाचे आदेश निघाले आणि सारे शांत झाले. तुरुंग आणि त्यातला शिपाई हे कोणत्याही सरकारच्या यादीत शेवटचेच. पोलीस निदान रस्त्यावर दिसतो. हा भिंतीआड असतो, कैद्यांइतकाच कोंडलेला, आणि बातमीत येतो तो मेल्यावर.

मध्य प्रदेश सरकारने यादव यांच्या कुटुंबाला मदत जाहीर केली, ते योग्यच झाले. पण त्यांना शहीद म्हणून हात झटकता येणार नाहीत. गळा कैद्यांनी चिरला. त्यांच्यासमोर यादवांना वाऱ्यावर सोडले ते सरकारने. मुख्यमंत्र्यांना श्रद्धांजली वाहायचीच होती, तर बंगल्यांवरचे सगळे रक्षक त्याच रात्रपाळीपासून तुरुंगात परत पाठवायला हवे होते.