गळा एकच, तराजू दोन

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका, पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख. कोलामांच्या पोडांवर आणि कापसाच्या शिवारांत येथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा चार भाषांची गाणी कानी पडतात. कॅसेटपासून मोबाइलपर्यंतचा काळ पाहिलेल्या येथल्या एखाद्या गीतवेड्याचा संग्रह उघडला, तर त्यात पॉप गाणी आणि ती गाणाऱ्या स्त्रियाच अधिक सापडतील. घरातली वडीलधारी मंडळी त्याला हसतात. ‘हे कसले थिल्लर ऐकतोस?’ हा प्रश्न त्याला नवा नाही. त्याला सलते ते निराळेच. मुलीने गॅदरिंगमध्ये अभंग म्हटला की कौतुक होते आणि तिनेच एखादे उडते गाणे म्हटले की घरात कुजबुज सुरू होते.

सुलोचना चव्हाण आणि आशा भोसले या दोघींचाही जन्म 1933 सालचा. सुलोचनाबाईंनी ‘रंगल्या रात्री अशा’ या 1962 च्या चित्रपटापासून मराठी लावणीला घराघरांत नेले. पदर सावरून, केवळ शब्दाच्या फेकीवर त्या सभागृह जिंकीत. ज्या लावणीचे नाव पांढरपेशा घरांत दबक्या आवाजात निघे, तिलाच त्यांनी प्रतिष्ठा दिली. यासाठी लागणारी तालमीची कसोटी भजनाच्या तालमीहून तसूभरही कमी नव्हती. ‘पद्मश्री’ मात्र मिळाली ती थेट 2022 मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. साठ वर्षांच्या गाण्याला दाद देण्यास इतका उशीर का लागला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आशाबाईंनी तर साठी ओलांडल्यावर, 1997 मध्ये, लेस्ली लुईस यांच्यासह ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम केला. त्याच वर्षी इंग्लंडमधील ‘कॉर्नरशॉप’ने त्यांच्या नावाचे गाणे रचले आणि 1998 च्या प्रारंभी त्याचे रीमिक्स ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढे 2002 मध्ये वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने मराठीतही पॉप गाणे स्वतःच्या बळावर खपू शकते, हे दाखवून दिले. अवधूत गुप्ते यांच्या संगीतातील ते गाणे लग्नाच्या वरातीपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत वाजले. ज्यांनी नाके मुरडली, त्यांची पावलेही ठेक्यावर हललीच असतील.

याच सुमारास रीमिक्सची लाट आली. 1972 च्या ‘समाधि’मध्ये लतादीदींनी गायिलेले ‘काँटा लगा’ 2002 मध्ये चित्रफितीसाठी नव्याने सजवले गेले. त्यावर जो संताप उसळला तो अस्थानी नव्हता. गाणे कानासाठी असते, तेथे डोळ्यांचा बाजार मांडला गेला. परंतु सारे बोल पडद्यावरच्या मुलीला लागले. पैसा लावणारे आणि नफा मोजणारे पुरुष मात्र नामानिराळे राहिले. हा कोणता न्याय?

झरीच्या परिसरात हे कोडे अधिक टोकदार होते. कापूस वेचणाऱ्या बाया दिवसभर गातात, त्यांना कोणी अडवीत नाही. पण परंपरेच्या दंडारीत स्त्रीचे सोंगही पुरुषच घेत आला आहे. शेतात चालणारा गळा मंचावर का चालू नये? येथून फार लांब नसलेल्या हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी 2009 मध्ये हिंदी ‘सारेगमप’चे विजेतेपद मिळवले. 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ त्यांनी श्रेया घोषाल यांच्यासह गायिले. त्या नृत्यावर इतिहासाच्या अंगाने आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तच होते. तरीही तो आवाज विदर्भाच्या मातीतून आला होता, हे विसरता येत नाही.

झरीच्या गीतवेड्याची मागणी छोटीच आहे. यंदाच्या गणेशोत्सवात ध्वनिक्षेपक मुलींच्या हाती द्यावा आणि गाणे कोणते म्हणायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्ते पहिल्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत ऐकतील का, एवढेच त्याला पाहायचे आहे.