लॉगिन सामायिक का असते?



‘पासवर्ड वाटणारे बेफिकीर’ हा आपण छापलेला लेख एकांगी आहे. वाटून वापरण्याची सवय केवळ ग्राहकांनी लावलेली नाही. पासवर्ड वाटणे म्हणजे प्रेम, असे नेटफ्लिक्सनेच मार्च २०१७मध्ये ट्विटरवर लिहिले होते. भारतात घराबाहेरच्यांचा वापर रोखायला त्यांनी सुरुवात केली ती जुलै २०२३मध्ये. हा इतिहास लेखात यायला हवा होता.

पण खरा प्रश्न सिनेमांचा नाहीच. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, आधारला जोडलेला नंबर वडिलांचा आणि वडील रानात, जिथे रेंज नाही. ती महा-ई-सेवा केंद्रात ताटकळते. फोन लागून ओटीपी मिळेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मग केंद्रचालकच लॉगिन तयार करतो आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. याला बेफिकिरी म्हणणे अन्याय आहे.

बँकेचा पिन कुणालाही देऊ नये, एवढे मान्य. मात्र घरात एकच फोन असलेल्यांना दोष देण्याआधी, पालकाला पाल्याच्या वतीने अधिकृतपणे अर्ज भरता येईल अशी सोय सरकारी संकेतस्थळांवर करा, अशी मागणी लेखकाने करायला हवी होती. ती मी करतो.

– एक शिक्षक, बार्शी