मतदार यादीत नाव सापडत नाही? आधी हे समजून घ्या

चोपड्यातल्या मतदाराने यादीत नुसतं ‘पाटील’ शोधलं तर? खानदेशात पाटील गावोगावी आहेत.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. एवढ्या नोंदी एकेक करून तपासणं संगणकालाही जड जातं. म्हणून डेटाबेसमध्ये ‘इंडेक्स’ बनवतात, म्हणजे शब्दकोशासारखी क्रमाने लावलेली सूची. दर वेळी निम्म्या नोंदी बाद केल्या, तर हवा तो नंबर जास्तीत जास्त २७ टप्प्यांत सापडतो.

नावाचं मात्र अवघड असतं. शब्दकोशात ‘पा’ने सुरू होणारे शब्द लगेच मिळतात, ‘ल’ने संपणाऱ्यांसाठी सगळी पानं चाळावी लागतात. यावर उपाय म्हणून नावांचे तीन-तीन अक्षरी तुकडे करून वेगळा इंडेक्स ठेवता येतो. त्याला जागा जास्त लागते.

शिवाय ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ संगणकासाठी दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे ‘नाव सापडलं नाही’ म्हणजे ‘नाव कापलं’ असं नाही.

मग काय कराल? मतदार ओळखपत्रावरचा दहा अक्षरांकांचा एपिक नंबर टाका. तो नसेल तर जिल्हा जळगाव, मतदारसंघ चोपडा निवडा आणि नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहा. तरीही मिळालं नाही, तर मतदानाच्या दिवसाची वाट न पाहता बीएलओंना भेटा.