ठोके दिसले, तरी तपासणी संपत नाही

"ठोके दिसले का हो डॉक्टर?" शारजात माझ्याकडे सोनोग्राफीला येणाऱ्या मराठी जोडप्यांचा हा पहिला प्रश्न. ‘हो’ म्हटलं की नवरा लगेच मोबाइल काढतो, पुण्याला कळवायला. प्रोब मात्र मी तेवढ्यावर ठेवत नाही.

गर्भाशयात एक गर्भ आणि त्याच वेळी गर्भनलिकेत, म्हणजे ट्यूबमध्ये, दुसरा, असं क्वचित घडतं. १७०८ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ डुव्हर्ने यांनी ते प्रथम नोंदवलं, तेही शवविच्छेदनात. आपोआप दिवस राहिले असतील तर हे प्रमाण ३०,००० त एक मानलं जायचं. आयव्हीएफनंतर ते हजारात एक, काही पाहण्यांत तर शंभरात एकापर्यंत जातं. कारण अनेकदा दोन भ्रूण सोडलेले असतात, आणि ट्यूब जुन्या संसर्गाने किंवा क्षयाने आधीच खराब झालेल्या असतात.

इथली अनेक जोडपी आयव्हीएफ पुण्या-मुंबईत करून येतात. इथल्या साध्या विम्यात तो खर्च बसत नाही, शिवाय तिकडे आई असते. परतल्यावर एखाद्या रात्री पोट दुखतं, इमर्जन्सी गाठली जाते. पण सासूबाई शेजारी असतात म्हणून आयव्हीएफचं नाव निघत नाही. गर्भाशयात गर्भ दिसतो. बीटा-एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरकही छान वाढलेलं असतं, कारण आतलं बाळ ते वाढवतंच. सगळे निर्धास्त होतात, आणि ट्यूब फुटते.

वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून ट्यूब काढता येते. उपचारांनंतर गर्भाशयातली साधारण दोन तृतीयांश बाळं सुखरूप जन्मतात. एरवी ट्यूबमधल्या गर्भासाठी वापरतात ते मेथोट्रेक्सेट हे औषध अशा वेळी देता येत नाही. आतल्या बाळालाही ते मारक ठरतं.

म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बीजांडकोशांच्या बाजू आणि पोटात रक्त साठलंय का, हे पाहूनच तपासणी संपवावी. आयव्हीएफबद्दल बाईला एकटीला विचारावं. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवायला काय हरकत आहे? बायकांनी भ्रूण सोडल्याची (ट्रान्सफरची) तारीख आणि भ्रूणांची संख्या लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवावा. एका बाजूला पोटात कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यांतलं काही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी ९९८ ला फोन करावा.

वंध्यत्वाच्या उपचारांत लाजण्यासारखं काही नाही, हे भाषण मी देणार नाही. सासरच्यांपासून खुशाल लपवा. डॉक्टरांपासून लपवू नका.