चौतिसाव्या वर्षी डॉक्टर

मुलगी बारावीला गेली की घरात वर्षांचा हिशेब सुरू होतो. नीटसाठी एक वर्ष थांबली तर किती, एमबीबीएसची साडेपाच धरली तर किती, पुढे पीजी म्हणाली तर लग्नाचे वय कुठे जाते. मुलाच्या बाबतीत हा हिशेब कोणी इतक्या बारकाईने मांडत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. या महिन्यात ज्या मुलीची हकीकत सांगायची आहे, तिचे शिक्षण असल्या कुठल्याच हिशेबात बसले नाही. नाव नादिया नदीम. घरात फुटबॉल पाहणारे कोणी असेल तर त्याला ती डेन्मार्कची खेळाडू म्हणून ठाऊक असेल. जानेवारी 2022 मध्ये ती डॉक्टर झाली. त्याच महिन्यात तिला चौतीस वर्षे पूर्ण झाली.

जन्म हेरातचा, 1988 चा. अब्बा अफगाण सैन्यात जनरल होते. 2000 साली तालिबानने त्यांना ठार केले. घरात उरल्या अम्मी आणि पाच मुली. त्या राजवटीत बाईने पुरुष सोबतीशिवाय घराबाहेर पडायचे नाही, नोकरी करायची नाही, आणि मुलींच्या शाळा बंद. ज्या घरात पुरुषच उरला नाही, तिथे या हुकमांचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. अम्मीने देश सोडायचे ठरवले. खोट्या पासपोर्टवर पाकिस्तानातून इटलीला, तिथून मालट्रकमध्ये लपून पुढे. जायचे होते लंडनला. खाली उतरल्यावर कळले की हा डेन्मार्क आहे. खोटी कागदपत्रे वापरणे बरे का, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. तो विचारणाऱ्याने आधी पाच मुली घेऊन हेरातमधल्या त्या घरात उभे राहून पाहावे.

निर्वासितांच्या छावणीशेजारी फुटबॉलचे मैदान होते, तिथे नादिया खेळायला लागली. खेळाची हकीकत लांब आहे, ती थोडक्यात उरकते. 2009 पासून ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघात, शंभराहून जास्त सामने, 2017 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एक गोल. पुढे अमेरिकेतले क्लब, मँचेस्टर सिटी, पॅरिस सेंट जर्मेन.

मला जास्त नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. बाराएक वर्षांची मुलगी ज्या देशाची अक्षरेही वाचू शकत नव्हती, त्याच देशाच्या भाषेत तिने वैद्यकशास्त्र शिकले. डेन्मार्कमध्ये हे शिक्षण डॅनिशमध्ये होते. पुस्तकातली नावे पाठ करता येतात, अवघड असते ते रुग्णाचे बोलणे. कळ, ठणका, आग, मुंग्या, ओढ लागणे, हे सगळे आपण एका ‘दुखते’ या शब्दात सांगतो का? खेड्यातून आलेली म्हातारी काय म्हणते आहे ते कळायला तिची भाषा कानात मुरलेली असावी लागते. नादियाने ती छावणीत, शाळेत आणि मैदानावर मुरवली.

प्रवेश तिने आरहूस विद्यापीठात घेतला. डेन्मार्कमध्ये नागरिकांना विद्यापीठाची फी नसते, उलट विद्यार्थ्याला सरकारकडून दरमहा भत्ता मिळतो. गुण मात्र भरपूर लागतात. अभ्यासक्रम सहा वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात आणि दवाखान्यात उमेदवारी. नादिया एकीकडे व्यावसायिक फुटबॉल खेळत होती, त्यामुळे शिक्षण सलग झाले नाही. सामने, प्रवास आणि दुखापती सांभाळून तिने ते टप्प्याटप्प्याने पुरे केले. तिला पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेकडे वळायचे आहे, म्हणजे भाजलेले, तुटलेले, फाटलेले शरीर पुन्हा उभे करण्याची शस्त्रक्रिया.

हे वाचून कोणी आपल्या मुलीला ‘तूही सावकाश कर’ असे सांगणार असेल तर आधी आपल्याकडचे नियम पाहावेत. एमबीबीएस प्रवेशापासून नऊ वर्षांत पुरे करावे लागते आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच संधी आहेत. पण नीटला आता वयाची वरची अट राहिलेली नाही. विशीत राहून गेले म्हणून पंचविशीत फॉर्म भरता येत नाही, ही समजूत काढून टाका.

ती जिथून निघाली, तिथले आजचे चित्र असे आहे. तालिबान 2021 मध्ये पुन्हा सत्तेवर आले. डिसेंबर 2022 मध्ये मुलींना विद्यापीठे बंद झाली. डिसेंबर 2024 मध्ये नर्स आणि सुईणीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची दारेही मिटली. ज्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायांचे प्रमाण जगात फार वरचे आहे, बाईला पुरुष डॉक्टरकडे जाणेही अनेक ठिकाणी अवघड आहे, त्याच देशात हे घडले. म्हातारी होत चाललेली सुईण उद्या नसेल तेव्हा तिच्या जागी कोण येणार, याचे उत्तर हुकूम काढणाऱ्यांनी दिलेले नाही.

नादियाला पदवी मिळाली तेव्हा अम्मी हयात होती. नोव्हेंबर 2022 मध्ये विश्वचषक चालू असताना नादिया कतारमध्ये टीव्हीवर सामन्याचे विश्लेषण करत होती. त्याच दिवशी डेन्मार्कमध्ये ट्रकच्या धडकेत अम्मीचा इंतकाल झाला. परक्या देशात उतरून तिला तेव्हा बावीस वर्षे होत आली होती.