दाम आधी ठरवा!

'समाजाचे काम आहे, पैशाचे काय घेऊन बसलात?' हे वाक्य वस्तीतल्या कलावंत पोरांनी ऐकले नसेल तरच नवल! जयंतीला मंडपवाल्याला, डीजेला आगाऊ रक्कम मिळते. बॅनरचे डिझाईन करणाऱ्याला, शूटिंगवाल्याला, ढोलकीवाल्याला मात्र 'नंतर बघू'.

असाच एक डिझाईनर तरुण माझ्याकडे आला. तीन महिने राबला, हातात छदाम नाही. दर काय ठरला होता, विचारले. म्हणाला, "साहेब, वाटेल ते द्या म्हणालो."

इथेच घात झाला. 'वाटेल ते द्या' ही बलुत्याची भाषा आहे. महारकीत कामाला सीमा नव्हती आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर होता. ही मर्जी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आणि आपण तीच मर्जी पुन्हा ओढवून घेतो! वकिलीच्या सुरुवातीला मीही हेच बोलत असे. फी सांगायची लाज वाटे.

दर अंदाजाने सांगू नका, हिशेब करा. समजा, घरखर्च २५ हजार. वीज, इंटरनेट, कॉम्प्युटरची झीज ५ हजार. महिन्यात काम मिळते १५ दिवस. म्हणजे दिवसाला दोन हजार. त्याखाली गेलात तर गिऱ्हाईकाचा खर्च तुमचे घर सोसते.

किमान वेतनाचे संरक्षण कामगाराला आहे. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला नाही. म्हणून काम, दर, तारीख आणि दुरुस्त्या किती वेळा, हे कागदावर घ्या. तो नसेल तर मोबाईलवरचा संदेश जपून ठेवा. आगाऊ रक्कम घ्या. दर ठरला नसला तरी हातपाय गाळू नका. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने भरपाई द्यावी, असे करार कायदा, १८७२ चे कलम ७० सांगते. पैसे देण्याची मुदत ठरली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावा.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, दान स्वखुशीने दिले तरच ते दान! गृहीत धरून घेतले की ती वेठ. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. ते कलम घडवणाऱ्याच्या जयंतीला तरी पोरांचे दाम बुडवू नका.

जयभीम!